शेतातले खत आणि घरातला पेला

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात 2017 सालच्या निवडणुकीच्या तोंडावर एका सरकारी कचेरीबाहेर पुतळा उभा राहिला. उभा कसला, उकिडवा बसला! शिल्पकार सॅम माहन यांनी तो शेण वापरून घडवला होता. तेव्हाचे पर्यावरणमंत्री निक स्मिथ पाण्याच्या पेल्यावर बसले आहेत, असे ते दृश्य. हे पान घरातली सारी मंडळी वाचतात, म्हणून याहून स्पष्ट लिहीत नाही. कँटरबरीच्या मैदानावर दुभत्या गाईंचे कळप वाढत गेले, त्यांच्या मलमूत्राने आणि खतांनी नद्या व भूजल बिघडले, आणि सरकारने ते चालू दिले, असा शिल्पकाराचा रोख होता.

पुतळ्यापेक्षा मला त्याची जागा महत्त्वाची वाटते. कलादालनात ठेवला असता तर रसिक हसून घरी गेले असते. माझे वडील दरबारात गात. मैफलीआधी ते दिवाणखान्यात फिरून टाळी वाजवून पाहत आणि मग बैठक कुठे घालायची ते सांगत. जागा चुकली की गाणे भिंतीत जिरते, हे त्यांनी मला फार लवकर शिकवले.

तरीही तो पुतळा मला अपुरा वाटतो. त्याने दोषाला एकच चेहरा दिला, आणि शेतापासून पेल्यापर्यंतची वाट अंधारातच राहिली. मंत्री बदलतात, पाण्यातला नायट्रेट तिथेच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या घरांतून पाणी उकळून घेण्याची सवय आहे, ती जंतूंसाठी योग्यच. परंतु नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. अशा पाण्यात वरचे दूध कालवून दिलेल्या तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि ते निळसर पडू लागते.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 सालच्या अहवालानुसार, 2023 साली तपासलेल्या नमुन्यांपैकी 19.8 टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक निघाला. असे जिल्हे 2017 साली 359 होते, ते 440 झाले. सांडपाणी आणि गोठे यांचाही यात वाटा आहे; सारे शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण 2010 पासून इतर खतांना नवे अनुदान-धोरण लागू झाले आणि युरिया त्याबाहेर राहिला. 45 किलोची गोणी कर व कडुनिंबाचा लेप वगळून 242 रुपयांना मिळत असेल, तर मूठभर जास्त टाकताना कोणाचा हात थांबेल?

आता थोडे गणित, गवयाच्या मुलाने केलेले. त्या गोणीत सुमारे 20 किलो नायट्रोजन असतो. त्याचा चौथा हिस्सा जरी नायट्रेट होऊन खाली झिरपला असे धरले, तरी निर्मळ असलेले सुमारे 5 लाख लिटर पाणी मर्यादेला जाऊन टेकते. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच दालन काठोकाठ भरेल, एवढे ते पाणी.

अशा दालनात शिरताना हातात एक गोणी ठेवावी आणि भिंतीवर पाण्याची रेघ डोक्याच्या कितीतरी वर ओढावी. आकडा अंगाला कळेल. गुजरातेत ही विद्या जुनी आहे. अडालजची वाव 1499 सालची, पाच मजले खोल. पाण्यापर्यंत उतरणारा माणूस किती पायऱ्या उतरलो यावरून पाणी कुठवर गेले ते ओळखे. नळ आले, आणि पाणी भिंतीमागे गेले. गावोगावच्या जुन्या विहिरींच्या काठावर भूजल मंडळाचे आकडे, आसपासच्या शेतांचा नकाशा आणि ती रेघ, इतके केले तरी पुष्कळ होईल.

परवा मी शिकवणीची खोली टेपने मोजली. माझे विद्यार्थी हसले. खोली त्या दालनाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाची भरली. एका मुलीचे आजोळ खेड्यात, घरी शेती. तिने विचारले, "मास्तर, आमच्याकडे एकरी दोन गोण्या पडतात. मग किती खोल्या?"