सल्लागाराचे पैसे कोण देतो?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की लातूर-नांदेडपासून पुण्यापर्यंत फलक झळकू लागतात. ‘ऑप्शन फॉर्म भरून मिळेल’ आणि त्याखाली ‘चांगल्या कॉलेजची हमी’. यातले पहिले आश्वासन पाळता येते, दुसरे कोणालाच पाळता येत नाही. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, जागांचे वाटप सीईटी कक्षाचा संगणक करतो. त्यासाठी तो गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग, गृह विद्यापीठ आणि विद्यार्थ्याने लावलेला पसंतीक्रम पाहतो. निकालानंतर विद्यार्थ्याच्या हातात उरतो तो पसंतीक्रम, आणि सल्लागाराला कसब दाखवायला जागा असते तीही तेवढीच.

ती क्षुल्लक मात्र नाही. फॉर्ममध्ये 300 पर्यंत पर्याय देता येतात आणि एकाच महाविद्यालयातल्या प्रत्येक शाखेचा चॉइस कोड निराळा असतो. त्यात 2025-26 पासून फेऱ्या चार झाल्या आणि नियम अधिक कडक झाले. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप ‘फ्रीझ’ होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तरी तेच. मग पुढच्या फेरीत बसता येत नाही. म्हणजे ‘असू दे एक’ म्हणून तिसऱ्या क्रमांकावर टाकलेले कॉलेज दुसऱ्या फेरीत गळ्यात पडू शकते. उलट, अवघड कॉलेज वर टाकले तर हातचे जाईल, ही घरोघरी ऐकू येणारी भीती निराधार आहे. आवाक्याबाहेरचा पर्याय संगणक ओलांडून पुढे जातो, त्याचा दंड कोणाला होत नाही. एवढे जरी सल्लागाराने नीट समजावले तरी त्याने आपली फी कमावली असे म्हणता येईल.

चांगला सल्लागार याहून आधी उपयोगी पडतो. जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रे वेळेत हाती नसली तर आरक्षणास पात्र असलेला विद्यार्थीही खुल्या प्रवर्गात ढकलला जातो, आणि तहसील कचेरीतले काम फॉर्म भरायच्या आठवड्यात होत नसते. याची आठवण बारावीच्या सुरुवातीलाच करून देणारा माणूस मोलाचा. ‘नॅक’ची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, ‘एनबीए’ची मान्यता मात्र शाखानिहाय असते, हे सांगणाराही तसाच. मागील वर्षांचे कटऑफ फेरीनिहाय सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तेच रंगीत तक्त्यांत मांडून काही हजारांना विकणारा तेवढा मोलाचा नव्हे.

खरी अडचण वेगळीच आहे. सल्लागारांपैकी काहींना पालक फी देतात आणि महाविद्यालयेही दलाली देतात. कॅपच्या जागेवर सहसा कोणी दलाली देणार नाही, कारण ती कोणाला मिळेल हे गुणवत्ता यादीच ठरवते. पैसे सुटतात ते संस्थास्तरावरील कोट्यात, खासगी आणि अभिमत विद्यापीठांत. साहजिकच असा सल्लागार ‘कॅपच्या भानगडीत कशाला पडता, जागा आजच पक्की करू’ म्हणू लागतो. त्यात पालक काय गमावतात, हे तो सांगत नाही. राज्य सरकारने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. ही सवलत कॅपमधून मिळालेल्या प्रवेशांनाच आहे. व्यवस्थापन कोट्यात किंवा खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला की ती गेली. आजच पक्की केलेली जागा अशी चार वर्षे महाग पडते. त्यावर देणगी मागितली गेलीच तर ती सरळ बेकायदा आहे. राज्याचा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा 1987 पासून अस्तित्वात आहे, तो अनेकांना आठवत नाही इतकेच.

अमेरिकेत स्वतंत्र शैक्षणिक सल्लागारांची ‘आयईसीए’ ही संघटना 1976 पासून आहे. विद्यार्थी पाठवल्याबद्दल महाविद्यालयाकडून मोबदला घ्यायचा नाही, हे बंधन ती सभासदांना घालते. त्या देशातही 2019 साली प्रवेश घोटाळा झाला आणि त्याचा सूत्रधार सल्लागारच निघाला, तेव्हा आचारसंहितेने सगळे सुधारते असा भ्रम नको. पण पैसे कोणाकडून घ्यायचे याचा दंडक तरी तिथे आहे. आपल्याकडे तोही रुजलेला नाही.

म्हणून सगळ्या सल्लागारांना भामटे ठरवणे योग्य नाही. घरात कोणी इंजिनिअर नाही, काका-मामांपैकी कोणी पुण्या-मुंबईत नाही, अशा कुटुंबाला विचारायला माणूस लागतो. पूर्वी ज्युनिअर कॉलेजातले सर ते काम करत. आता पुष्कळ मुले नावापुरती कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये असतात, त्यामुळे ते नाते तुटले आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतनांत सुविधा केंद्रे चालतात, पण त्यांचा बहुतेक वेळ कागदपत्रे तपासण्यात जातो. तिथे निकालाच्या आधीपासून एक-दोन प्राध्यापक फक्त पसंतीक्रमाच्या शंकांसाठी बसवले, तर निम्म्या फलकांचे गिऱ्हाईक कमी होईल. सीईटी कक्षाला हे फार खर्चाचे नाही.

तोवर पालकांनी पैसे मोजण्याआधी सल्लागाराला एवढेच विचारावे: तुम्ही सुचवता त्यांपैकी कोणत्या संस्थेकडून तुम्हाला पैसे मिळतात? उत्तर लेखी मागावे, फीची पावती घ्यावी, आणि कॅपच्या लॉगिनचा पासवर्ड व मोबाइलवर येणारा ओटीपी स्वतःकडेच ठेवावा.