सत्तरीनंतरचा स्तनाचा कर्करोग : किती उपचार पुरेसे?

केडगावच्या देवीला दर मंगळवारी चालत जाणाऱ्या बहात्तर वर्षांच्या आजी मध्यंतरी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. स्तनात सुपारीएवढी गाठ होती, काखेत काही लागत नव्हते. तपासणीत कर्करोग निघाला, पण अगदी सुरुवातीचा. थोरला मुलगा म्हणाला, "डॉक्टर, सगळं काढूनच टाका. जोखीम नको." धाकट्याचे मत उलटे : "या वयात कशाला चिरफाड? आहे तेवढे दिवस सुखाने जाऊ द्या." आजींना मात्र कुणी काही विचारलेच नव्हते.

दोन्ही मुलांची माया खरी, पण दोन्ही सल्ले अपुरे. आधी थोरल्याचे पाहू. सुरुवातीच्या कर्करोगात पूर्ण स्तन काढणे आणि फक्त गाठ काढून रेडिएशन देणे, यांत जगण्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. अमेरिका आणि इटलीतील वीस वर्षांच्या पाठपुराव्याने हे २००२ मध्येच सिद्ध केले. तरीही आपल्याकडे पूर्ण स्तन काढण्याकडे कल असतो. त्यामागे भीती असते, तसे अंतरही असते. रेडिएशनसाठी काही आठवडे रोज जावे लागते. पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर येथे राहायची सोय नाही, सोबत यायला माणूस नाही. मग 'काढूनच टाका' हा सोपा मार्ग वाटतो.

पण वयस्क स्त्रीला रेडिएशन लागतेच का? अमेरिकेतील एका अभ्यासात सत्तर व त्यापुढील वयाच्या ६३६ स्त्रिया होत्या. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत, हार्मोनला प्रतिसाद देणारी. सर्वांची गाठ काढून टॅमॉक्सिफेन सुरू केले. निम्म्या जणींना रेडिएशनही दिले. दहा वर्षांनी रेडिएशन घेतलेल्या शंभरातल्या साधारण दोघींना, तर न घेतलेल्या शंभरातल्या दहा जणींना त्याच स्तनात किंवा काखेत पुन्हा आजार झाला. जगण्याचे प्रमाण मात्र सारखेच राहिले. पाठपुराव्यात ३३४ स्त्रिया मृत्यू पावल्या, त्यांपैकी स्तनाच्या कर्करोगाने फक्त २१. पासष्टीपुढील १,३२६ स्त्रियांच्या ब्रिटनमधील अभ्यासाने २०२३ मध्ये हेच चित्र दाखवले : दहा वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे ८१ टक्के स्त्रिया हयात होत्या.

म्हणजे रेडिएशन निरुपयोगी नाही. ते आजार पुन्हा होणे टाळते, आयुष्य वाढवत नाही. हा फरक रुग्णाला समजावून सांगणे हे आमचे काम आहे.

मात्र ही सूट सरसकट नाही. गाठ लहान हवी, काखेतल्या गाठींत आजार नको, हार्मोन रिसेप्टर चाचणी ठळकपणे पॉझिटिव्ह हवी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोळी पाच वर्षे नियमित घ्यायला हवी. टॅमॉक्सिफेनने क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे दुखतात, हाडे ठिसूळ होतात. काही जणी सहा महिन्यांत गोळी सोडतात आणि घरच्यांनाही सांगत नाहीत. रेडिएशन टाळून गोळीही सोडली, तर संरक्षण उरत नाही. अशा स्त्रीला रेडिएशन देणे अधिक शहाणपणाचे. शिवाय ते आता पूर्वीइतके लांबत नाही. पाच आठवड्यांचे तीन आठवड्यांवर आले आणि ब्रिटनमधील २०२० च्या अभ्यासानंतर निवडक रुग्णांना एका आठवड्यात पाच वेळा देऊनही भागते.

आता धाकट्याचा सल्ला. शस्त्रक्रिया न करता नुसत्या गोळीवर ठेवले, तर गाठ काही काळ आटोक्यात राहते, पुढे बहुधा वाढू लागते. हृदय किंवा मूत्रपिंड फार थकलेल्या रुग्णासाठी हा पर्याय ठीक. पण जी बाई देवळापर्यंत चालत जाते, तिला भुलीचा धोका सहसा झेपतो. गाठ काढणे ही मोठी शस्त्रक्रिया नव्हे. तसेच गाठ हार्मोनला प्रतिसाद न देणारी असेल, तर केवळ वयाकडे बघून केमोथेरपी नाकारणेही चूक. जन्मतारीख नव्हे, तब्येत पाहून ठरवायचे.

सरकारी पातळीवर काही पावले पडली आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेत घेतले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यामुळे केमोथेरपी जवळ येईल. रेडिएशनचे यंत्र मात्र त्याने जवळ येत नाही. कार्डावर उपचाराचा खर्च निघतो, पण रोजचा प्रवास, मुक्काम आणि सोबत्याची बुडालेली मजुरी यांचे काय? निर्णय आजाराने ठरावा, एसटीच्या वेळापत्रकाने नव्हे.

घरात अशी वेळ आली, तर डॉक्टरांना चार गोष्टी विचारा : हार्मोन व हर-२ चाचणीचा निकाल काय? काखेत आजार आहे का? या उपचाराने आयुष्य वाढेल, की फक्त आजार पुन्हा होणे टळेल? आणि गोळी झेपली नाही, तर पुढे काय?

त्या आजींना आम्ही मुलांना बाहेर बसवून हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "गाठ तेवढी काढा. गोळी मी चुकवणार नाही, बीपीची तरी कुठं चुकवते?" निर्णय त्यांचा होता, आणि त्यांच्या आजाराला तो योग्यही होता.