आधी यादी, मग सफाई



दिवाळीआधी माळा आवरताना आमच्या आईचा एक नियम असायचा. काढलेलं सगळं सामान आधी खाली मांडायचं, आजीनं नजर टाकली की मगच रद्दीवाल्याला हाक मारायची. हा नियम मी कॉम्प्युटरवर विसरलो, आणि महागात पडला.

गेल्या वर्षी घरच्यांसाठी एक छोटी वेबसाइट करत होतो. आजी फोनवर पाककृती सांगायची, मी टाइप करायचो. भुट्ट्याच्या किसापासून सुरुवात करून बारा फाइली झाल्या. फोल्डर गिटमध्ये होतं, म्हणून मी निर्धास्त! एका रात्री त्यात बिनकामाच्या फाइलींचा पसारा दिसला. 'गिट क्लीन डॅश एफडी' अशी कमांड दिली आणि एंटर दाबलं. पसारा गेला, त्याबरोबर पाककृतीही गेल्या.

चूक गिटची नव्हती. फाइल फोल्डरमध्ये असली म्हणजे गिटकडे तिची नोंद असतेच असं नाही. 'गिट ॲड' करेपर्यंत ती 'अनट्रॅक्ड' असते. घरात राहते, पण रेशनकार्डावर नाव नाही! 'गिट क्लीन' नेमक्या अशाच फाइली पुसतं. त्या रिसायकल बिनमध्ये जात नाहीत, आणि गिटच्या इतिहासात कधी नव्हत्याच, मग तिथून परत कशा येणार?

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी 'गिट क्लीन डॅश एनडी'. यात 'एन' असल्यामुळे काहीच पुसलं जात नाही, काय काय जाईल त्याची फक्त यादी दिसते. 'डी' म्हणजे आतली फोल्डरंही धरायची. यादी शांतपणे वाचायची आणि मगच 'एन'च्या जागी 'एफ' लिहायचं. लहान 'एक्स' जोडताना जास्त जपा. गिटइग्नोअरमध्ये लिहिलेल्या फाइलीही त्यानं जातात, पासवर्ड ठेवलेली एन्व्ह फाइलसुद्धा. शंका असेल तर पुसूच नका. 'गिट स्टॅश डॅश यू' केलं की अनट्रॅक्ड फाइली, कमिट न केलेल्या बदलांसकट, बाजूला ठेवल्या जातात आणि 'गिट स्टॅश पॉप'नं परत येतात.

आजीला पुन्हा फोन केला. न रागावता तिनं पुन्हा सांगायला घेतलं. बारापैकी नऊ जमल्या. उरलेल्या तीन विचारल्या तर म्हणाली, "आता नाही रे आठवत." त्या नऊ मी त्याच रात्री कमिट केल्या आणि पुशही केल्या, कारण लॅपटॉपच बिघडला तर नुसत्या कमिटचा काय उपयोग?

तुमच्याही लॅपटॉपवर घरातल्या कुणाचं असं काही पडून असेल. आज झोपण्याआधी एकदा 'गिट स्टेटस' बघा. 'अनट्रॅक्ड' खाली काय काय दिसतंय?