मन बदलेपर्यंत थांबा म्हणे!

‘लोकांची मानसिकता बदलत नाही, तोवर कायदे, योजना, मोहिमा सगळं व्यर्थ आहे.’ सांगली-साताऱ्याकडच्या व्याख्यानमालांत हे वाक्य दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतं आणि टाळ्या घेऊन जातं. यंदा ज्या विद्वानांनी ते म्हटलं त्यांच्या नावाशी मला कर्तव्य नाही, कारण उद्या दुसरं कोणी तेच म्हणेल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मुली पोटातच मारल्या जातात, कारण समाज मागासलेला आहे. पूर येतो तरी लोक घर सोडत नाहीत, कारण अडाणी हट्ट. दुचाकीवर हेल्मेट नसतं, कारण बेशिस्त अंगात मुरलेली. सबब प्रबोधन करा, मनं घडवा, वागणं आपोआप सुधारेल. हे मानसशास्त्राने सिद्ध केलं आहे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. कोणत्या मानसशास्त्राने, ते सांगायला वेळ पुरला नसावा.

हेल्मेटचा निकाल लगेच लागतो. चौकात पोलीस दिसला की तेच बेशिस्त मन आरशाला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढवतं आणि पुढच्या वळणावर काढतं. शंभर पावलांत मानसिकता दोनदा बदलली म्हणायची!

आता मानसशास्त्राकडे येऊ. रिचर्ड लापिएर हा अमेरिकन संशोधक एका चिनी जोडप्याबरोबर मोटारीने देशभर हिंडला. तिथे तेव्हा चिन्यांबद्दल उघड तिरस्कार होता. तरी अडीचशे हॉटेलं-खाणावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच जागांना पत्र पाठवून विचारलं, ‘चिनी गिऱ्हाईक घ्याल का?’ उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ कळवलं. १९३४ साली हा निबंध छापून आला. तेव्हापासून मनातलं मत आणि हातून होणारी कृती यांची गाठ किती सैल असते, यावर या शास्त्रात खंडच्या खंड लिहिले गेले. आमच्या वक्त्यांपर्यंत ते अजून पोचायचे आहेत.

लापिएरच्या हॉटेलवाल्यांचं तोंड वाईट होतं, हात बरे होते. आपल्याकडे उलटं आहे. कृष्णाकाठच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, ‘मुलगा-मुलगी एकच आमाला,’ असंच उत्तर येईल. आणि २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५१. साताऱ्यात ८७८, शेजारच्या कोल्हापुरात ८३९. हा भाग मागासलेला कुठून? नदीचं पाणी, उसाची बिलं, साखर कारखाने, शाळा-कॉलेजं, गल्लोगल्ली दवाखाने. मागासलेपण पाहायचं म्हणून वक्ते जिकडे बोट दाखवतील, त्या गडचिरोलीत २०११ साली हाच आकडा ९६१ होता. मागासलेल्या मनाचा सिद्धांत इथेच तोंडावर आपटतो. मुलगी नकोशी वाटणं जुनं आहे, पण ती जन्माआधी ओळखून काढून टाकण्याची सोय नवी. ती सोय आधी पोचली पैसा, मोटार आणि सोनोग्राफी असलेल्या तालुक्यांत. शिवाय ज्याला दोन एकर बागायत वाटून द्यायची आणि पोरीच्या लग्नात हॉल, मानपान, सोनं करायचं, त्याचा हिशेब अडाण्याचा नसतो. तो चांगला शिकलेला, वहीत मांडलेला हिशेब असतो. निर्दय आहे, पण प्रबोधनाने पुसला जाणारा नाही, कारण त्यात अज्ञान नाहीच.

आणि पुढे काय झालं, तेही पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याचा आकडा ९१३ वरून ८९४ वर घसरला. बीडचा ८९४ वरून ८०७ पर्यंत कोसळला. त्याच दहा वर्षांत सांगली ८५१ वरून ८६७, सातारा ८७८ वरून ८९५, कोल्हापूर ८३९ वरून ८६३ वर चढलं. इकडच्या मनांवर त्या दशकात असा काय वेगळा संस्कार झाला? हुंडा थांबला नव्हता, वंशाचा दिवा विझला नव्हता. फरक होता तो वेगळा. कायदा मोडून गर्भाचं लिंग सांगणाऱ्या डॉक्टरांना पकडायला साताऱ्यातून गरोदर बायका बनावट गिऱ्हाईक म्हणून धाडल्या जाऊ लागल्या, सोनोग्राफी मशीनला सील लागू लागलं, कोर्टात खटले उभे राहिले. सगळं श्रेय त्यालाच आहे असं नाही. पण मुलगा की मुलगी हे ‘पेढा की बर्फी’ म्हणून कुजबुजणं महाग झालं, एवढं तर खरं.

यावर वक्ते म्हैसाळ काढतील, आणि काढावंच. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेही एक बाई दगावल्यावर चौकशी लागली म्हणून. ‘बघा, कायदा असूनही!’ मला त्यात दिसतं ते वेगळं. पाळत सैल पडली की जुना धंदा परत बसतो. यावरून पाळत फुकट आहे, हे कसं निघतं?

नकुशांचंही तसंच. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या २८५ ‘नकुशा’ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. आमचे विद्वान त्याला देखावा म्हणतात. थोडा होताच, हारतुरे होते, फोटो होते. पण हजेरीपटावर ‘नकुशा’ असलेली मुलगी रोज सकाळी सगळ्या वर्गासमोर ‘हजर’ म्हणून उठते. ते नाव आधी कागदावरून जायला हवं की आधी बापाच्या मनातून, याचा निर्णय त्या पोरीला विचारून करावा.

हा वाद आपल्याला नवा नाही. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहाची बारा करायची होती, तेव्हाही पुण्यात हेच ऐकू आलं होतं. समाजाची तयारी नाही, आधी लोकशिक्षण, मग कायदा. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या एका हट्टी संपादकाने त्याविरुद्ध लेखणी झिजवली. टेंभू आता उपसा सिंचन योजनेमुळे सर्वांना ठाऊक आहे, संपादक तेवढे नाहीत. दहा वर्षांच्या नवरीला लोकशिक्षण पुरं होईपर्यंत थांबायला सांगणारे तेव्हाही सभ्य, सुशिक्षित होते.

आता महापूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७.५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. ‘सांगूनही लोक हलले नाहीत’ हा ठपका तेव्हापासून चालू आहे. का हलले नाहीत? कारण २००५ साली पाणी ५३.८ फुटांवर थांबलं होतं आणि त्याची खूण घराघराच्या भिंतीवर होती. लोकांनी त्या खुणेवर हातभर सोडून गव्हाची पोती रचली, फ्रिज टेबलावर चढवला, म्हातारीला वरच्या मजल्यावर नेलं. हा अडाणीपणा नव्हे. माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यावरून केलेला तो अंदाज होता. टव्हर्स्की आणि कानेमन यांनी १९७४ मध्ये दाखवलं की हाताशी असलेल्या आकड्याला अंदाज असाच चिकटतो, भल्याभल्यांचाही. पाणी साडेतीन फुटांहून जास्त वर आलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला जी बोट उलटली, तिच्यात तर घर सोडायला तयार झालेलीच माणसं होती. त्यांच्या मानसिकतेत काय खोट होती, हे कोणीतरी मला सांगावं.

मग तुमचं म्हणणं काय, असं विचाराल. कुर्ट लेविनचा एक प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धात मांसाची टंचाई होती, अमेरिकन गृहिणींनी काळीज-गुर्दे रांधावेत असं सरकारला वाटत होतं. काही गटांना उत्तम व्याख्यान दिलं. काहींना आपसात चर्चा करून हात वर करून ठरवायला लावलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते रांधलं, ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के बायकांनी. व्याख्यानमालेच्या संयोजकांना हा आकडा कोणी कळवू नये.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावने लेविन वाचला नसेल. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद राहू लागले. आधी हसण्यावारी गेलं, मग बायकांच्या सभेत ठरलं, आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई घरोघर फिरल्या. मालिकांची ओढ कोणाच्या मनातून गेली नव्हती. पण शेजारणीचा टीव्ही बंद असताना आपल्या टीव्हीचा आवाज चौकात ऐकू जातो.

पुरासाठी मला एवढंच हवं आहे. लोक घर सोडत नाहीत ते बऱ्याचदा दावणीच्या म्हशींपायी. तेव्हा नदीकाठच्या प्रत्येक गावाने जून लागायच्या आत ग्रामसभेत, हात वर करून ठरवावं, की पाणी इतक्या फुटांवर आलं की कोणाची जनावरं कोणाच्या ट्रॅक्टरमधून कोणत्या गावच्या मैदानावर जाणार आणि वैरण कोण देणार. ती यादी नावानिशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी.