‘काही नाही’ हे ऐकण्याचा हक्क

गेल्या हिवाळ्यात मला ३१वा आठवडा सुरू होता. दिल्लीत विद्यापीठाच्या वाचनालयात प्रबंधाचं एक प्रकरण लिहीत बसले होते. उठले तेव्हा सलवार ओली लागली. त्या दिवसांत शिंक आली तरी थेंबभर लघवी व्हायची, म्हणून तेच असेल असं समजून कपडे बदलले. तासाभराने पुन्हा ओलं. आईला फोन केला. ती म्हणाली, ‘अंगावरून पाणी तर जात नाही ना गं? बसून राहू नको, दवाखान्यात जा. आक्कासारखं करू नको.’

आक्का म्हणजे माझी मोठी मावशी. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जायची. सातव्या महिन्यात फडातच तिचं पाणी जायला लागलं. मुकादमाची उचल अंगावर होती आणि खाडा पडला की पैसे कापले जायचे. दोन दिवस ती ओल्या लुगड्यानं मोळ्या वाहत राहिली. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. मावशी वाचली, बाळ गेलं. आमच्या घरात ही गोष्ट ‘तिचं नशीब’ म्हणून सांगितली जाते. समाजशास्त्र शिकल्यापासून मला तो शब्द पुरत नाही. नशिबाच्या जागी मला उचल दिसते, खाडा दिसतो आणि फडापासून लांब असलेला दवाखाना दिसतो.

पाणमोट फुटली की भसकन पाणी येतं, असं आपल्याला सिनेमांनी शिकवलंय. अनेकदा ते थेंबाथेंबाने झिरपतं. लघवी, पांढरं जाणं आणि गर्भजल यांतला फरक बाईला स्वतःला खात्रीने कळेलच असं नाही. म्हणून तपासणी लागते. डॉक्टर स्पेक्युलम घालून आत पाणी साचलंय का ते बघतात, गरज वाटल्यास त्या पाण्याची चाचणी करतात, सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी पाहतात. ३७ आठवड्यांआधी पाणी जात असेल तर गर्भाशयात जंतुसंसर्ग होण्याचा आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मण्याचा धोका असतो. वेळेवर कळलं तर प्रतिजैविकं देता येतात, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देता येतात. मावशीच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही, कारण ती तपासणीपर्यंत पोहोचलीच नाही.

मी पोहोचले. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना प्रवर्ग विचारला. विचारणं चुकीचं नव्हतं. जननी सुरक्षा योजनेचा लाभ दिल्लीसारख्या ठिकाणी दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांसाठीच आहे. मी ‘एससी’ सांगितलं. तोवर ‘मॅडम’ म्हणणाऱ्या सिस्टर एकदम ‘तू’वर आल्या. जवळही न येता म्हणाल्या, ‘लघवी असेल. तुम्हा लोकांना पॅड लावायची सवय नसते. घरी जा, जास्त झालं तर ये.’ मी पीएचडी करते, हे मला त्यांना सांगावंसं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. तपासणी मिळवायला पदवी दाखवावी लागणार असेल तर मावशीने काय दाखवायचं होतं?

मी बाकावरून उठले नाही. दोन तासांनी ड्युटीवरच्या डॉक्टर आल्या. त्यांनी नीट तपासलं. पाणी जात नव्हतं. लघवीच होती. सिस्टर हसून म्हणाल्या, ‘म्हटलं होतं ना!’

या ‘म्हटलं होतं ना’बद्दल मला बोलायचं आहे. सिस्टरांचा अंदाज बरोबर निघाला, तरी त्यांची वागणूक चूकच होती, कारण तो अंदाज तपासणीतून आलेला नव्हता. शंका खोटी ठरली म्हणून तपासणी वाया जात नाही. तपासणी असते ती शंका फिटावी म्हणूनच. पैसेवाल्या घरातली बाई अशा शंकेने चार वेळा डॉक्टरकडे जाते, चार वेळा ‘काही नाही’ ऐकते आणि तिला ‘काळजी घेणारी आई’ म्हणतात. आमच्या बाईची शंका एकदा फोल ठरली की ती ‘कांगावा करणारी’ ठरते आणि पुढच्या वेळी ती जातच नाही. जीव जातो तो त्या पुढच्या वेळी.

हे जातीमुळेच झालं, असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. दवाखान्यातली जात बहुतेकदा अशीच असते. ती फलकावर लिहिलेली नसते. ती हात न लावण्यात असते, बाकावर ताटकळत ठेवण्यात असते. गंमत म्हणजे बाळंतपणाचा विटाळ पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातांवर ढकलला, त्या सुइणी आणि दाया अनेक ठिकाणी मांग, चांभार समाजातल्याच बायका होत्या. नाळ कापायला त्यांचा हात चालत होता. त्यांच्या लेकीसुनांना तपासायचं म्हटलं की हात आखडतो.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात देशाचं हित आहे, आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन गरीब बायकांच्या प्रकरणांत मातेचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला तपासण्या, औषधं आणि ने-आण मोफत मिळायला हवी. कागदावर हक्क आहेत. अडतं ते केसपेपर आणि तपासणीच्या टेबलामधल्या अंतरात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पाणी जात असल्याची शंका घेऊन आलेल्या कुठल्याही बाईला तपासल्याशिवाय परत पाठवता कामा नये, आणि पाठवलंच तर का पाठवलं ते केसपेपरवर सहीनिशी लिहावं. दुसरं, केसपेपरवर जात लिहून घेता, तर हिशेबातही दाखवा. देशाच्या नमुना नोंदणी पाहणीतून मातामृत्यूचं प्रमाण राज्यवार जाहीर होतं, जातवार नाही. आमची जात लाभ मोजताना दिसते, मरण मोजताना दिसत नाही.

आणि बहिणींनो, अंगावरून पाणी जातंय असं वाटलं तर स्वच्छ पॅड किंवा धुतलेलं सुती कापड लावा, वेळ लक्षात ठेवा, रंग आणि वास बघा आणि लगेच दवाखाना गाठा. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, घाण वास येत असेल, ताप असेल, रक्त जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर वाटेतही वेळ घालवू नका. कुणी न तपासताच ‘काही नाही’ म्हणालं, तर बाकावरून उठू नका.

माझी मुलगी आता पाच महिन्यांची आहे. मावशी तिला मांडीवर घेते तेव्हा फारसं बोलत नाही. एकदाच म्हणाली, ‘तू बसून राहिलीस ते बरं केलंस. मला कुणी बसूच दिलं नव्हतं.’