वाघिणीवरचा गंज

मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. इंग्रजी 'वॅगन'चा हा अपभ्रंश भाषेत इतका मुरला आहे की त्यातली गंमत आता जाणवत नाही. शब्द आपण आपलासा केला. वस्तूकडे मात्र क्वचितच पाहिले. घाटकोपर किंवा मुलुंडच्या फलाटावरून मालगाडी धडधडत जाते तेव्हा उभ्या असलेल्यांना चिंता असते ती मागच्या लोकलची. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे मार्ग सुरू झाल्यापासून या पट्ट्याला रेल्वेचा शेजार आहे. आपल्या लेखनात ती गर्दी, घाम आणि घड्याळ या रूपांत भरपूर आली. वाघीण फारशी आली नाही.

तिच्याकडे निरखून पाहणारा एक छोटा वर्ग आहे, तो तिच्या लहान प्रतिकृती घडवणाऱ्या छांदिष्टांचा. पुण्यात कोथरूडला, योगायोगाने जी. ए. कुलकर्णींचे नाव असलेल्या रस्त्यावर, भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. तिथल्या धावत्या गाड्या पाहून कुणी 'सुंदर खेळणी' म्हणाले तर नवल नाही. परंतु सुटी वाघीण घडवणे हे खेळण्याहून निराळे काम आहे. माझ्या मते तो वास्तववादाचा सराव आहे, आणि तपशिलाविषयी आपण वर्गात जे सैलपणे बोलतो त्याला त्यातून शिस्त लागू शकते.

या छंदातले सर्वांत रूढ प्रमाण १:८७. कोळसा वाहणारी, वरून उघडी 'बॉक्सएन' वाघीण सुमारे १०.७ मीटर लांब असते. तिची प्रतिकृती जेमतेम १२ सेंटिमीटरची होते. पण ५८ वाघिणींची पूर्ण मालगाडी करायची तर या प्रमाणातही ७ मीटरांहून अधिक लांबी हवी. बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात ती मावणार कुठे? तेव्हा फळीवर चार-पाच वाघिणी उभ्या राहतात आणि उरलेली गाडी पाहणाऱ्याने मनात जोडायची असते. अंशावरून अंशी सुचवणारी लक्षणा इथे जागेच्या टंचाईतून येते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. आपल्या ब्रॉडगेज रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. १:८७ ने ते १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक भरते. बाजारात मिळणारे रूळ आणि चाके मात्र १६.५ मिलिमीटरांची, म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटर मार्गाच्या मापाची. रुंद रूळ हाताने घडवावेत, तर तयार साहित्याशी मेळ तुटतो. तयार चाके घ्यावीत, तर भारतीय वाघीण परक्या रुळांवर अवघडून उभी राहते. बोलीतले संवाद प्रमाण लिपीत उतरवणाऱ्या कादंबरीकारापुढचा पेच याहून फार वेगळा नाही. तडजोड अटळ असते. ती कुठे केली, याचे भान हवे.

खरी कसोटी रंग देताना लागते. नवशिका वाघिणीवर सगळीकडे सारखाच गंज थापतो. जाणता आधी कारण शोधतो. कोळसा आतून घासतो, म्हणून आतला रंग आधी जातो. यंत्राचे बकेट आतून आदळते, म्हणून पत्रा बाहेर फुगतो. तेलाच्या टाकीवरचा काळा ओघळ वरच्या झाकणापासूनच खाली यायला हवा. वाघिणीच्या अकरा आकडी क्रमांकातला पाचवा आणि सहावा अंक बांधणीचे वर्ष सांगतात. अलीकडचे वर्ष लिहून तीस वर्षांचा गंज चढवला तर ती वाघीण खोटे बोलते. आपल्या कित्येक 'वास्तववादी' कथांत दारिद्र्य असेच सरसकट थापलेले असते. गळके छप्पर, खोकणारा म्हातारा, विझलेली चूल. प्रत्येक तपशील खरा, पण एकाही तपशिलाला स्वतःचे कारण नाही.

क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ मध्ये लघुप्रतिकृतीविषयी लिहिताना म्हटले, की तिच्यात समग्राचे ज्ञान अंगांच्या ज्ञानाआधी होते. पाहणाऱ्यापुरते हे पटते. घडवणाऱ्याची वाट उलटी असते. तो एकेक पत्रा, एकेक बिजागरी करत गाडीपर्यंत पोहोचतो. आक्षेप घ्यायचा तर दुसराच घ्यावा लागेल. फळीवरच्या वाघिणीला वजन नाही, धूळ नाही, आणि कोळसा भरणारा-उतरवणारा माणूसही नाही. श्रमाची खूण उरली, श्रमिक गळाला. हा आक्षेप मला खोडता येत नाही. एवढेच म्हणता येईल, की कारणासह रंगवलेला पोचा त्या माणसाकडे निदान बोट दाखवतो. सरसकट थापलेला गंज तेही करत नाही. कथेतला तपशील वाचतानाही हाच प्रश्न विचारून पाहावा: हा पोचा कशाने पडला, आणि तेव्हा तिथे कोण होते?