बेवारशी नौकेचा धनी कोण?

मानोऱ्यासारख्या समुद्रापासून दूरच्या गांवीं राहणाऱ्या आम्हां वऱ्हाडकरांस काठाला बांधलेली नाव निरुपद्रवी वाटते. धनी तिच्याकडे फिरकेनासा झाला तरी ती कोणाचें काय बिघडविते, असें सहज मनांत येतें. परंतु पाणी कोणतीही वस्तु ठेवल्या जागीं फार दिवस राहूं देत नाहीं; आणि धन्यानें टाकलेल्या नौकेचा भार अखेर तीरावरील लोकांवर पडतो.

२००० सालच्या जूनमध्यें ‘रिव्हर प्रिन्सेस’ हें जहाज गोव्यांत कांदोळीच्या किनाऱ्याजवळ रुतलें. त्यापायीं तेथें २००१ सालीं पर्यटनस्थळांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तरी जहाज निघावयास २०१२ साल उजाडलें. १८ ऑगस्ट २०२२ रोजीं रायगड जिल्ह्यांत हरिहरेश्वराजवळ एक निर्मनुष्य नौका लागली. तींत तीन एके-४७ बंदुका सांपडतांच १९९३ व २००८ सालच्या आठवणीनें सारें राज्य दचकलें. चौकशीअंतीं निघालें इतकेंच कीं, मस्कतहून युरोपकडे जातांना यंत्र बिघडल्यानें खलाशांनीं ती समुद्रांत सोडली होती.

हा विषय आपल्या पूर्वजांस नवा नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावध्यक्ष नांवाचा अधिकारी आहे. वादळानें झोडपलेल्या नौकेवर त्यानें पित्याप्रमाणें अनुग्रह करावा. अवेळीं वा भलत्याच ठिकाणीं नदी उतरणाऱ्यास मात्र दंड करावा. इतकेंच नव्हे, तर पुरेशा माणसांवांचून, साधनांवांचून किंवा दुरुस्तीवांचून सोडलेली नाव बुडाली, तर नुकसान त्या अधिकाऱ्यानेंच भरून द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. दयेला, दंडाला व अधिकाऱ्याच्या जबाबदारीला अशी ज्याची त्याची जागा दिलेली आहे.

अंतर्गत जलमार्गांवरील नौकांचा १९१७ सालचा कायदा जाऊन २०२१ सालीं नवा आला. यंत्रावांचून चालणाऱ्या नावांची नोंद जिल्हा, तालुका व ग्रामपंचायत यांजकडे सोंपविण्याची मोकळीक त्यानें राज्यास दिली आहे. आमच्या मतें ही तरतूद फार मोलाची होय. कारण नाव कोणाची, हें घाटावरचा माणूस जितकें जाणतो तितकें राजधानींतील कचेरी जाणत नाहीं.

मात्र वहीबरोबर विवेकही हवा. गरीब भोयाची नाव म्हणजे त्याचें सारें भांडवल. तो आजारी असेल, मजुरीसाठीं परगांवीं गेला असेल. म्हणून नाव बेवारशी ठरविण्यापूर्वीं त्याच्या घरीं सूचना जावी व पुरेशी मुदत मिळावी. ती संपल्यावर मात्र सधन मालक असो कीं निर्धन, नाव हलविण्यांत हयगय होऊं नये. ज्याच्याजवळ ऐपत आहे त्याच्या दुर्लक्षाचा खर्च गांवानें कां सोसावा?